कुनियोशी कोणाचा?

गेल्या महिन्यात आमच्या येथील मराठी मंडळात ‘कला आणि माती’ या विषयावर एक व्याख्यान झाले. वक्ते महाराष्ट्रातून मुद्दाम आलेले, व्यासंगी आणि वाणीवर प्रभुत्व असलेले गृहस्थ होते. त्यांचे नाव येथे देण्याचे कारण नाही. माझा वाद व्यक्तीशी नसून मताशी आहे, आणि ते मत त्यांचे एकट्याचे नाही. एका मातीतून उपटलेले रोप दुसऱ्या मातीत धरत नाही, आणि धरलेच तर त्याला पहिल्यासारखी फुले येत नाहीत. कलावंताचेही तसेच आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दाखला म्हणून त्यांनी यासुओ कुनियोशी या चित्रकाराचे नाव घेतले. जपानात जन्मला, अमेरिकेत मेला. जपानला तो परका झाला आणि अमेरिकेने त्याला मरेपर्यंत नागरिक करून घेतले नाही. धड ना इकडचा, धड ना तिकडचा असा हा कलावंत, आणि म्हणूनच त्याची चित्रे इतकी उदास, असा त्यांनी निष्कर्ष काढला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेले, हिशेब तपासनीस खात्यातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध स्नेही निःश्वास टाकून म्हणाले, “आपलेही तेच हो!”

त्या टाळ्या आणि तो निःश्वास यांच्यामुळे हा लेख लिहिणे मला भाग पडले आहे. वक्त्यांचे अर्धे विधान खरे आहे, आणि अर्धे खरे विधान पूर्ण खोट्या विधानापेक्षा अधिक घातक असते. कुनियोशीला अमेरिकेने नागरिकत्व दिले नाही, हे खरे. पण त्यावरून त्याची मुळे तुटली होती, असे मात्र सिद्ध होत नाही. दार बंद असणे ही एक गोष्ट आणि पाय लुळे असणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत करून आपण टाळ्या वाजवल्या.

मी चित्रकलेचा पंडित नाही. कलाशाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत कारकुनी करतो. कुनियोशीची मूळ चित्रे मी पाहिलेली नाहीत. प्रतिकृती मात्र अनेकदा आणि निवांतपणे पाहिल्या आहेत. पण या वादात बोलण्याचा माझा एक वेगळा अधिकार आहे. माझ्या टेबलावर सेवापुस्तिका असतात, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याकडून आम्ही ‘होम टाउन’ लिहून घेतो. रजेच्या प्रवासाची सवलत त्यावर अवलंबून असते. एकदा लिहून दिलेले गाव सहसा बदलता येत नाही. संपूर्ण नोकरीत फार तर एकदा, आणि तेही सबळ कारण दाखवून. वीस वीस वर्षे ज्या गावी पाऊल टाकले नाही, त्या गावाचे नाव अनेक पुस्तिकांत शिक्क्यासहित विराजमान असते. हा रकाना निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. भाड्याचा हिशेब करायचा तर कोठून कोठपर्यंत, हे ठरवावेच लागते. परंतु त्या रकान्यावरून माणूस कळतो असे आस्थापना शाखेतला शिपाईदेखील समजत नाही. ते समजण्याचे काम आपण साहित्यिकांवर सोपवले आहे.

आता त्या रोपाच्या दृष्टान्ताकडे वळू. उपटलेले रोप म्हणायचे तर ते आधी रुजलेले असले पाहिजे. कुनियोशीचा जन्म १८८९ साली जपानमधील ओकायामा येथे झाला. तेथे त्याने शिक्षण घेतले ते विणकाम आणि रंगाईचे; चित्रकार म्हणून त्याने मायदेशात काहीही शिकलेले किंवा केलेले नव्हते. १९०६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी तो एकटा अमेरिकेला गेला. रेल्वेच्या यार्डात मजुरी, हॉटेलात सामान उचलणे, बागांतून फळे तोडणे अशी कामे त्याने केली. इंग्रजी येत नव्हते, म्हणून सांगायचे ते तो चित्र काढून सांगे. ती चित्रे पाहून एका शिक्षकाने त्याला चित्रकलेचा मार्ग दाखवला. लॉस एंजेलिसच्या कलाशाळेत तीन वर्षे शिकून १९१० साली तो न्यूयॉर्कला आला, आणि पुढे १९१६ पासून आर्ट स्टुडंट्स लीग या संस्थेत केनेथ हेज मिलर या शिक्षकाच्या हाताखाली चार वर्षे तयार झाला. तेव्हा ज्या मातीतून चित्रकार कुनियोशी उगवला ती माती अमेरिकेचीच होती. भाषा येत नसल्यामुळे तो चित्रकार झाला. परकेपणाने त्याची कला मारली नाही, परकेपणाने ती जन्माला घातली. यावर वक्ते काय म्हणतील? बीजच जपानी होते, असे म्हणतील. म्हणोत. पण मग दृष्टान्त रोपाचा राहिला नाही, आणि माती कोणती हा प्रश्नही उरला नाही.

त्याच्या सुरुवातीच्या चित्रांत गाई फार. १९२३ च्या एका चित्रात छोटा ज्यो नावाचा मुलगा आणि त्याची गाय आहे. गाईंची चित्रे त्याने पुष्कळ काढली, आणि त्याचे कारण स्वतःच सांगितले: जपानी पंचांगाप्रमाणे त्याचा जन्म गायबैलाच्या वर्षातला होता. मातीचे पुरस्कर्ते येथे आनंदित होतील. पण त्या गाई कोठल्या? त्या काळी त्याचे उन्हाळे जात अमेरिकेच्या ईशान्येकडील मेन राज्यात, ओगनक्विट या समुद्रकाठच्या गावी, हॅमिल्टन ईस्टर फील्ड या उदार कलाप्रेमी गृहस्थाच्या आश्रयाने. जपानी पंचांग त्याच्या मनात होते आणि मेनमधील गाय त्याच्या डोळ्यांसमोर होती. चित्र झाले ते दोन्ही मिळून. त्याच्या चित्रांतील जमीन प्रेक्षकाकडे कललेली दिसते, टेबलावरच्या वस्तू घरंगळून पडतील की काय असे वाटते, आणि माणसांची डोकी मोठी व डोळे टपोरे असतात. समीक्षकांनी याला ‘पौर्वात्य’ असे नाव देऊन टाकले. पण फील्डने अमेरिकन खेडुतांच्या जुन्या, अशिक्षित हाताच्या चित्रांचा आणि वस्तूंचा संग्रह केला होता, आणि ओगनक्विटला राहणाऱ्या कलावंतांच्या अवतीभवती त्या वस्तू असत. तशी कललेली टेबले आणि तसे टपोरे डोळे त्या खेडूत चित्रांतही आहेत. कुनियोशीने ओकायामाहून किती आणले आणि मेनमध्ये किती उचलले, याची वाटणी कोणत्याही लेखापालाला करता येणार नाही. चित्रकाराच्या चेहऱ्यावरून ती वाटणी करणे मात्र फार सोपे असते, आणि तेच केले गेले.

आता त्या बंद दाराविषयी. वक्त्यांनी ‘अमेरिकेने त्याला नागरिक करून घेतले नाही’ एवढे एकच वाक्य उच्चारले, जणू काही तो दैवाचाच फेरा. तो दैवाचा फेरा नव्हता, कायद्याचे कलम होते. परदेशात जन्मलेल्यांना नागरिकत्व देण्याविषयीचा १७९० चा अमेरिकन कायदा केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’साठी होता, १८७० साली त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. जपानी माणूस या दोहोंतही बसत नव्हता. ताकाओ ओझावा नावाच्या जपानी गृहस्थाने न्यायालयात धाव घेतली. त्याचे शिक्षण अमेरिकेत झाले होते, घरातली भाषा इंग्रजी होती, आचारविचार सर्व तेथलेच होते. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जपानी माणूस गोरा नव्हे. पुढल्याच वर्षी भगतसिंग ठिंड या पंजाबी गृहस्थाच्या खटल्यात तोच न्याय हिंदी माणसालाही लागू झाला. आणि हा ठिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. ठिंडचे वकील होते सखाराम गणेश पंडित. अहमदाबादेत जन्मलेल्या या वकिलाचे नाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारल्याशिवाय राहणार नाहीत. त्या निकालानंतर खुद्द पंडितांना पूर्वी मिळालेले नागरिकत्व काढून घेण्याचा खटला सरकारने भरला, आणि पंडितांनी तो लढवून जिंकला. हिंदी लोकांना हे दार उघडले १९४६ साली. जपान्यांना आणखी सहा वर्षे थांबावे लागले.

हा कायदा केवळ परक्याला बाहेर ठेवून थांबला नाही. त्याने घरच्यांनाही बाहेर काढले. १९१९ साली कुनियोशीने कॅथरीन श्मिट या सहाध्यायी चित्रकर्तीशी विवाह केला. ती ओहायो राज्यात जन्मलेली अमेरिकन. परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या स्त्रीचे नागरिकत्व त्या वेळच्या कायद्याने संपुष्टात येई. तसे तिचेही संपले. स्वतःच्या जन्मभूमीत ती परकी ठरली. मातीचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी मला एवढे सांगावे, की बोहल्यावर चढताक्षणी कॅथरीनची कोणती मुळे तुटली? रोप होते तेथेच होते, माती होती तीच होती. बदलली ती फक्त नोंदवहीतील ओळ.

१९२९ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ‘एकोणीस हयात अमेरिकन’ चित्रकारांचे प्रदर्शन भरवले. त्यात एडवर्ड हॉपर होता, जॉर्जिया ओकीफ होती, कुनियोशीचा गुरू मिलर होता, आणि कुनियोशीही होता. हा कसला अमेरिकन, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. दोन वर्षांनी, १९३१ च्या अखेरीस, आजारी वडिलांना भेटण्यासाठी तो पंचवीस वर्षांनंतर जपानला गेला. तोक्यो आणि ओसाका येथे त्याच्या चित्रांची प्रदर्शने झाली. पण मांचुरियावर नुकतेच आक्रमण झाले होते आणि देशावर लष्कराची पकड आवळत चालली होती. तेथे आपण परके आहोत असे त्याला जाणवले आणि काही महिन्यांत तो परतला. पुन्हा मायदेशी त्याचे पाऊल पडले नाही. वक्ते म्हणतात त्याप्रमाणे दोन्हीकडे त्याला परकेपण भेटले, हे मला मान्य आहे. पण परतल्यावर त्याने काय केले? १९३३ पासून ज्या संस्थेत तो शिकला त्याच आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवू लागला, आणि मरेपर्यंत वीस वर्षे शिकवीत राहिला. ज्याची मुळे तुटली आहेत असा माणूस वीस वर्षे इतरांची रोपे वाढवीत बसत नाही.

मग आला डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि पस्तीस वर्षे अमेरिकेत राहिलेला, तेथील नामांकित चित्रकार आणि शिक्षक असलेला बावन्न वर्षांचा कुनियोशी एका रात्रीत ‘शत्रुराष्ट्राचा परकी’ ठरला. त्याचे बँकेतील खाते गोठवले गेले, दुर्बीण आणि कॅमेरा काढून घेतला गेला, प्रवासावर बंधने आली. हा कॅमेरा साधा नव्हे. उमेदवारीच्या दिवसांत इतर कलावंतांच्या चित्रांची छायाचित्रे काढून त्याने पोट भरले होते, आणि १९२४ साली ‘छायाचित्रकाराच्या रूपात’ असे आत्मचित्रही रंगवले होते.

आणि तरीही तो सुदैवी. न्यूयॉर्कमध्ये राहत होता म्हणून सुदैवी. चिउरा ओबाता हा दुसरा चित्रकार ओकायामाच्याच मुलखात १८८५ साली जन्मलेला. पण त्याचे घर पश्चिम किनाऱ्यावर, बर्कलीला. तेथील विद्यापीठात तो प्राध्यापक होता. १९४२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना तारेच्या कुंपणात नेऊन ठेवले, त्यांत ओबाताही गेला. प्रथम तानफोरान आणि नंतर युटाच्या वाळवंटातील टोपाझ येथे. दोन्ही छावण्यांत त्याने चित्रकलेच्या शाळा चालवल्या. एकाच मुलखात जन्मलेले दोन चित्रकार. एक आपल्या चित्रशाळेत, दुसरा कुंपणाआड. फरक फक्त घराच्या पत्त्याचा. त्याहूनही ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की त्या एक लाख वीस हजारांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक अमेरिकेतच जन्मलेले, अर्थात जन्मसिद्ध नागरिक होते. त्यांची माती तीच होती, मुळे तीच होती, कागदही बिनचूक होता. त्यांना मातीने वाचवले नाही. माती कोणाची हे ठरवणारा अधिकारी नेहमी दुसराच असतो, आणि तो मुळे पाहत नाही, तोंड पाहतो. ‘तू खरा इथला नव्हेस’ हे वाक्य व्याख्यानात फार भारदस्त वाटते. पण तेच वाक्य सरकारी हुकुमात शिरले की त्याचे काय होते, हे टाळ्या वाजवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

युद्धकाळात कुनियोशीने अमेरिकेची बाजू उघडपणे घेतली. जपानी जनतेला उद्देशून आकाशवाणीसाठी भाषणे लिहिली, आपल्या चित्रांचे प्रदर्शन भरवून त्याचे उत्पन्न चीनमधील पीडितांच्या मदतीला दिले, सरकारच्या युद्धवार्ता कचेरीसाठी भित्तिपत्रकांची रेखाटने केली. ती रेखाटने म्हणजे त्याची उत्तम चित्रे, असे मी म्हणणार नाही. संशयिताला आपली निष्ठा पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते, याची जाण ती पाहताना सतत होत राहते. पण त्यांतील लष्करशाहीविषयीचा संताप उसना नव्हता. तो १९३१ च्या प्रवासापासूनचा होता.

१९४६ साली अमेरिकन परराष्ट्र खात्याने आधुनिक अमेरिकन चित्रे विकत घेऊन ती परदेशांत दाखवण्यासाठी पाठवली. त्यांत कुनियोशीचे ‘विश्रांती घेणारी सर्कशीतील मुलगी’ हे १९२५ चे चित्र होते. वृत्तपत्रांनी जनतेच्या पैशाची उधळपट्टी म्हणून ओरड केली. खुद्द अध्यक्ष ट्रूमन यांनी त्या चित्राची टर उडवली. प्रदर्शन परत बोलावले गेले, आणि १९४८ साली ही चित्रे युद्धोत्तर शिलकी माल म्हणून निकालात काढण्यात आली. सरकारी कचेरीतील माणसाला या प्रकाराचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. मोडकी टेबले आणि गंजलेली कपाटे ज्या रीतीने निकालात निघतात, त्याच रीतीने ही चित्रे निघाली. अलाबामातील एका शिक्षणसंस्थेने त्यांतली छत्तीस चित्रे मिळून १,०७२ डॉलरला घेतली. ती सर्कशीतली मुलगी त्यांतच गेली. आणि त्याच १९४८ साली व्हिटनी म्युझियमने कुनियोशीच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरवले. हयात चित्रकाराला असा मान त्या संस्थेने त्यापूर्वी कधी दिला नव्हता. एकाच वर्षी, एकाच देशात, एकाच माणसाची चित्रे भंगारातही निघाली आणि सर्वोच्च सन्मानालाही पात्र झाली. देश म्हणजे एक माती, असे मानणाऱ्यांनी सांगावे की यांतली कोणती अमेरिका खरी? कुनियोशीने या भांडणात वेळ घालवला नाही. कलावंतांच्या पोटापाण्याच्या हक्कांसाठी १९४७ साली निघालेल्या आर्टिस्ट्स इक्विटी या संघटनेचा तो पहिला अध्यक्ष झाला. ज्याला मतदानाचा अधिकार नव्हता, त्याला अमेरिकन कलावंतांनी आपला अध्यक्ष निवडला.

येथे मी प्रतिपक्षाला त्याचा सर्वांत बळकट पुरावा स्वतःच देतो. मायदेशी परतलेल्या कलावंताचे उदाहरण हवे असेल, तर ते फुजिताचे आहे. तोक्योत १८८६ साली जन्मलेला फुजिता १९१३ मध्ये पॅरिसला गेला, दुधासारख्या पांढऱ्या भूमीवर केसासारखी बारीक काळी रेषा ओढून त्याने तेथे अपार कीर्ती मिळवली, आणि १९३३ साली तो जपानला परतला. मातीने त्याला जवळ घेतले. मग तीच माती त्याच्याकडून काय मागू लागली? युद्धाची चित्रे. ती त्याने काढली. अट्टू बेटावरील अखेरच्या झुंजीचे १९४३ चे भव्य चित्र त्याचेच. पराभवानंतर त्याच मायदेशाने त्याला दोषी ठरवले. १९४९ साली तो कायमचा बाहेर पडला, १९५५ साली फ्रेंच नागरिक झाला, आणि १९६८ साली झुरिच येथे वारला. १९४९ मध्ये न्यूयॉर्कला त्याचे प्रदर्शन भरले तेव्हा ज्या कलावंतांनी त्याचा निषेध केला, त्यांत कुनियोशी होता.

या प्रसंगाचा विचार केला पाहिजे. कुनियोशीने फुजिताविरुद्ध तक्रार केली ती तो जपानी आहे म्हणून नव्हे, किंवा तो परका झाला म्हणूनही नव्हे. त्याने आपली कला लष्करशाहीच्या सेवेला वाहिली म्हणून. फुजितावर त्यामुळे अन्याय झाला की न्याय, हा वाद अजून संपलेला नाही आणि तो मी येथे मिटवणार नाही. पण प्रश्न कोणत्या जातीचा होता ते पाहा. ‘तू कोठला?’ हा तो प्रश्न नव्हे. ‘तू काय केलेस?’ हा तो प्रश्न. आयुष्यभर पहिल्या प्रश्नाने छळलेल्या माणसाने दुसऱ्याला विचारला तो दुसरा प्रश्न. कलावंताला विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही मातीमागे लपवता येत नाही.

आता उरला उदासपणाचा मुद्दा. १९४० नंतरच्या चित्रांत उलटे टेबल, मुखवटे, डोके नसलेला घोडा, विदूषक हे विषय येतात, आणि शेवटच्या काळात रंग जितके भडक होतात तितकी चित्रे अधिक खिन्न वाटतात. ती खिन्नता मी नाकारत नाही. पण तिला मूळ तुटल्याचे दुःख म्हणणे म्हणजे मार खाल्लेल्या माणसाला अशक्त म्हणणे होय. ज्या जगाने कॅमेरा हिसकावला, ज्याने दोन शहरे अणुबाँबने भाजली, ते जग पाहून उदास व्हायला परदेशी असावे लागत नाही, डोळे असावे लागतात. आणि उदासपणा हा कलेचा पराभव आहे, हे कोणी ठरवले? ‘रूम ११०’ या चित्राला १९४४ साली, म्हणजे तो शत्रुराष्ट्राचा परकी असतानाच, कार्नेगी संस्थेच्या प्रदर्शनात पहिले पारितोषिक मिळाले. १९५२ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात अमेरिकेच्या वतीने ज्या चौघांचे काम मांडले गेले, त्यांत हॉपर, काल्डर आणि स्टुअर्ट डेव्हिस यांच्यासह कुनियोशी होता. जगापुढे अमेरिकेचा प्रतिनिधी. अमेरिकेच्या नोंदवहीत मात्र परकी.

त्याच १९५२ साली कायदा बदलला आणि डिसेंबरच्या अखेरीस अमलात आला. जपान्यांना नागरिकत्व मिळू लागले. ओबाता १९५४ मध्ये नागरिक झाला. कुनियोशीला तेवढी सवड मिळाली नाही. तो १४ मे १९५३ रोजी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने वारला. सत्तेचाळीस वर्षांचे वास्तव्य कमी पडले, आणखी काही महिने हवे होते. कागद आला असता तर त्याला समाधान वाटले असते यात शंका नाही. कागदाला तुच्छ लेखणे हे ज्यांच्याजवळ कागद असतो त्यांनाच परवडते. पण त्या कागदाने एकाही चित्रातील एकही रेषा बदलली नसती. आज ओकायामात त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह अभिमानाने जतन केलेला आहे, आणि २०१५ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने त्याचे मोठे प्रदर्शन भरवले. दोन्ही देश आता ‘आमचा’ म्हणतात. जिवंत माणसाला जो रकाना मिळाला नाही, त्यासाठी मृताच्या बाबतीत दोन अर्ज आले.

आता आपल्याविषयी. त्या दिवशी आपण टाळ्या का वाजवल्या, याचा मी पुष्कळ विचार केला. मला असे वाटते, की मातीचा सिद्धान्त आपल्याला सोयीचा आहे. आपल्या हातून काही घडत नाही याचे कारण आपला आळस नसून आपली बदली आहे, असे तो सांगतो. ‘आम्ही तुटलो’ एवढे म्हटले की लिहिण्याची जबाबदारी संपते. परमुलखात निघणाऱ्या आपल्या मासिकांचे अंक चाळून पाहावेत. कोकणचा पाऊस, आजोळचा वाडा, अंगणातला प्राजक्त यांची रेलचेल असते. ज्या शहरात वीस वर्षे पगार घेतला, मुले वाढवली, आईबापांना अग्नी दिला, त्या शहरातली एक गल्ली त्यांत दिसत नाही. हे मी इतरांना दूषण देण्यासाठी लिहीत नाही. माझ्या दोन कविता या दोषाने भरलेल्या आहेत. मी नऊ वर्षे कोलकात्यात आहे. गेल्या आश्विनात अंगणातल्या प्राजक्तावर मी हळहळून लिहिले, आणि ज्या दिवशी ती कविता छापून आली त्या दिवशी कचेरीच्या फाटकाशी झाडणारी बाई पांढऱ्या फुलांचा, केशरी देठांचा सडा बाजूला लोटत होती. विचारले तेव्हा म्हणाली, “शिउली.” तो प्राजक्तच होता. नऊ वर्षे त्या झाडाखालून मी हजेरी लावायला जात होतो.

कुनियोशीने ओकायामाची गाय आठवून अश्रू ढाळले नाहीत. मेनची गाय पाहिली, आणि तिच्यात ओकायामाचे पंचांग आपोआप उतरले. आपले दुःख त्याच्या दुःखाशी तोलण्याचा आपल्याला अधिकारही नाही. त्याला कायद्याने सत्तेचाळीस वर्षे दाराबाहेर ठेवले. आपण ज्या शहरात आहोत तेथे नागरिक म्हणून आहोत, तेथे मत देतो, तेथे आपली मुले शाळेत जातात. दार उघडे असून जो उंबऱ्यावरच बसून राहतो, त्याने बंद दारापुढे उभे राहून आयुष्यभर काम करणाऱ्याला ‘धड ना इकडचा, धड ना तिकडचा’ म्हणू नये.

माझ्या त्या वयोवृद्ध स्नेह्यांना माझे नम्र उत्तर असे: नाही, दादा, आपले तसे नाही. तसे असते तर बरे झाले असते. सेवापुस्तिकेतील तो रकाना मी उद्याही भरीन, कारण ते माझे काम आहे. परंतु कुनियोशी कोणाचा, असे कोणी पुन्हा व्यासपीठावरून विचारले, तर टाळ्या न वाजवता उभे राहून एवढेच विचारावे, की त्याची चित्रे आपण पाहिली आहेत काय? आणि त्यानंतर घरी परत जाताना, ज्या रस्त्याने जातो तो रस्ताही पाहावा.